शिडाचा रंग

"आता दिसतंय का?" फोनवर नवऱ्याने विचारलं. सकाळपासून ही अकरावी खेप.

"दिसतंय हो," ती म्हणाली. खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडे तलाव होता. तिला मात्र नुसता धुरकट उजेड दिसत होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि हे तिने घरात सांगितलं नव्हतं. सांगायची सोयच नव्हती.

हिवाळ्यात जिन्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून या माणसाने तिला जीव नकोसा केला होता. जन्मभर पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर दुरुस्तीला तेवढी बायको उरली. वॉकरचे नट रोज पिळायचे, गोळ्या दोनदा मोजायच्या, ती बाथरूममध्ये गेली की दाराबाहेरून "पडलीस का?" विचारायचं. अरे, पडले असते तर आवाज नसता का आला? या बाबाने रोज दोन तास घराबाहेर जावं, एवढंच तिचं मागणं होतं. "जन्मभर होडी होडी करत होतात, घ्या एकदाची," असा तिनेच लकडा लावला.

झालं. आगीतून फुफाट्यात. सात आठवडे वहीत तक्ते. गाडीमागे ट्रेलरवर नेता येतील अशा शिडाच्या तीन होड्या. पहिली स्वस्त, पण केबिन इतकी उंच की सुकाणूपाशी बसलं की पुढचं पाणीच दिसत नाही. मधली जुनी, जड, पुढे रुंद बाकडं. तिसरी हलकी, लाल शिडाची, दीडपट किमतीची. आणि शेवटचा रकाना, 'दिसणं'.

"म्हणजे होडीतून पुढचं ना?" तिने विचारलं होतं.

"तेही. पण मला तिथून आपली खिडकी दिसली पाहिजे आणि तुला इथून होडी. नाही तर मी जायचा नाही."

तिने कपाळाला हात लावला होता.

"अगं ऐकतेस ना? होडीवाले शेजारीच बसलेत," फोन पुन्हा बोलू लागला. "शीड उभारलंय. रंग कुठला दिसतो, सांग बघू."

घ्या, आता परीक्षा. पण लाल शिडाचं कौतुक ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

"लाल. लालभडक. डोळ्यांत भरतंय नुसतं."

पलीकडे कुणीतरी खाकरलं.

"हो," तो म्हणाला. "लालच." आणि फोन ठेवला.

बाजी मारली, असं वाटून तिने बिनपहाऱ्याचा चहा केला आणि सावकाश प्यायली.

दुपारी तो खांद्यावर शिडाचं भलं मोठं गाठोडं घेऊन आला आणि ते त्याने तिच्या मांडीवर ठेवलं. इतक्या जवळून तिलाही दिसलं. पांढरं. हॉस्पिटलच्या शिवणखात्यात तीस वर्षं तिने शिवलेल्या चादरींसारखं पांढरं.

"लाल होतं ना?"

"ती होडी मागच्याच आठवड्यात विकली गेली."

"मग हो कशाला म्हणालात?"

"परक्या माणसासमोर तुला खोटं कशाला पाडू?" तो बुटाची नाडी सोडत म्हणाला. "कधीपासून दिसत नाही?"

"पडले त्याच्या आधीपासून."

"म्हणजे पायरी..."

"नाही दिसली."

आता व्याख्यान सुरू होणार म्हणून ती सावरून बसली. तो बराच वेळ नाडीशीच खटपट करत राहिला.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मधली घेतलीय. पुढचं बाकडं रुंद आहे, खुबा बरा झाला की तू बस."

"मी? मला पाण्याची भीती वाटते. चाळीस वर्षं सांगतेय."

"आधी पाणी दिसू तर दे. मग भी."

तिचे दोन तास गेले ते गेलेच. तिला संताप आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही दाबायला ती शिडाच्या काठावरून बोटं फिरवत राहिली. एका जागी बोटं थांबली.

"इथे वीतभर उसवलंय. सात आठवडे काय बघत होतात? डबा आणा माझा."

त्या डब्याला ती कुणाला हात लावू देत नसे. त्याने तो आणला, जाड सुई निवडली आणि चष्मा चढवून खिडकीपाशी गेला. दोरा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ओवला गेला, तेव्हा त्याने गाठ मारली आणि सुईचं टोक स्वतःकडे धरून ती तिच्या बोटांत दिली.