शेवयांखालच्या बिया

"मेलीचं तोंड लईच वाकडं झालंय. झाकण म्हणून बसंना!"

हे बोलणं माझ्याबद्दल आहे. बोलणारी मंजुळाबाई इतकी जवळ वाकलेली असते, की तिच्या श्वासानं माझ्या काठावर वाफ धरते. दूध तापवताना ती झाकण एकदा असं फिरवते, एकदा तसं फिरवते, आणि शेवटी माझ्या नावानं कडाकडा बोटं मोडते. मी ऐकून घेते. पण मित्रांनो, माझं तोंड वाकडं केलं ते तिनंच. हात निसटून नव्हे, चांगलं ठरवून.

मी एक जुनी पितळेची तपेली. घाटनांदूरला एका शेतकऱ्याच्या घरात, चुलीजवळच्या फळीवर माझी जागा आहे. तांबटानं मला घडवलं तेव्हा निजामाचा अंमल होता. आमच्या मुलखाला सगळे मोगलाईच म्हणत. अंगावरचे हातोडीचे ठोके अजून मोजून घ्यावेत इतके स्पष्ट आहेत. सिरसाळ्याच्या सुंदरबाईचं लग्न ठरलं आणि आंदणातल्या भांड्यांत माझी निवड झाली. बैलगाडीनं सासरी निघालो तेव्हा तिचा पाठचा भाऊ उत्तरेश्वर पाठराखण म्हणून सोबत होता. ऊन चढल्यावर त्यानं मला उचलून डोक्यावर उपडी घातली आणि नवरीकडच्या ऐटीत तसाच गावात शिरला. घाटनांदूरच्या लोकांनी मला पहिल्यांदा बघितलं ते असं, टोपी म्हणून.

सुंदरबाईच्या हातात मात्र मला मान मिळाला. आमच्या डोंगरात सीताफळांना तोटा नाही. दसऱ्याच्या आगेमागे टोपल्याच्या टोपल्या घरात येत, आणि मग घरात एक पदार्थ होई. त्याला नाव असं काही नव्हतं; सगळे 'सायीतलं शिताफळ' म्हणत. म्हशीच्या दुधाचं घट्ट दही फडक्यात बांधून खुंटीला टांगायचं. पाणी निथळून चक्का झाला की तो माझ्यात घ्यायचा, वर जाड साय घालायची आणि हातानं घोटत बसायचं. सुंदरबाई घोटायला लागली की माझ्या तळाला गुदगुल्या होत. मग सीताफळं फोडून, एकेक बी बाजूला काढून, नुसता गर त्यात सोडायचा आणि वरून वेलदोड्याची पूड. त्या गरात एक बी सापडली तर सुंदरबाईला दिवसभर चैन पडत नसे.

पुढं धाकटी जाऊ म्हणून मंजुळाबाई घरात आली. एवढीशी पोर, अजून परकर सोडून लुगडं नेसायला लागली नव्हती. माहेरच्या आठवणीनं कोपऱ्यात तोंड लपवून बसायची. सुंदरबाईनं तिला जवळ ओढलं आणि मला तिच्या मांडीत दिलं.

"रडून पोट भरतं का गं? हे घे. आजपासून तपेलीचा तळ तुझा."

तेव्हापासून सायीतलं सीताफळ झालं की माझा तळ बोटानं निपटायचा हक्क मंजुळेचा. तिला पोरंबाळं झाली, तरी तो हक्क तिनं पोरांना दिला नाही. चूल फुंकायला, शेवया वळायला, म्हशीला गोंजारून पान्हा सोडायला लावायला, सगळं तिला थोरल्या जावेनंच शिकवलं. ती सुंदरबाईला आक्का म्हणायची आणि आईसारखी मानायची. भांडायच्याही दोघी झकास.

आता माझ्या एका दुखण्याविषयी सांगायला हवं. पितळेला आतून कल्हई लागते. ती विटली आणि त्यात दही-ताक ठेवलं, तर ते कळकतं. हिरवं-निळं होतं, पोटात गेलं तर माणूस आडवं पडतं. म्हणून दिवाळीच्या आधी कल्हईवाला भाता घेऊन यायचा. मला तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा. मग सुंदरबाई मला दारात उजेडाला नेऊन माझ्या तळात बघायची. स्वतःचं कुंकू लख्ख दिसलं तरच कल्हईवाल्याची सुटका.

"कुंकू दिसतंय, पर नथ कुटं हाय? फिरीव अजून एक हात," असं ती म्हणायची आणि तो बिचारा पुन्हा भात्याला बसायचा.

तर ही अशी बाई. आणि एका वर्षी सायीतल्या सीताफळात बी निघाली.

पहिली बी तिचा नवरा आश्रुबा याच्या दाताखाली आली. त्यानं ती गुपचूप मुठीत घेतली. पुढच्या खेपेला तीन-चार निघाल्या. सगळे एकमेकांकडं बघायचे आणि "वा, काय झालंय!" म्हणायचे. आश्रुबा बिया पटक्याच्या घडीत सरकवायला लागला. एकदा चावडीवर पाटलाला वाकून रामराम घातला, तर टपटप बिया पाटलाच्या पुढ्यात पडल्या.

"काय हो आश्रुबा, डोस्क्यात पेरणी केली का काय?" पाटील म्हणाले.

मंजुळाबाईनं मात्र हसण्यावारी नेलं नाही. तिनं बघितलं होतं. सुंदरबाई हल्ली सीताफळं घेऊन दारातच बसायची. सुईत दोरा ओवायची वेळ आली की तिला नेमकं दुसरं काम आठवायचं. मला उचलताना आधी फळी चाचपायची आणि मग माझा काठ धरायची. ते चाचपडणं मला रोज कळायचं. बोटं तीच, पण आता ती विचारत विचारत यायची.

सांगायचं कसं? सायीतलं सीताफळ म्हणजे सुंदरबाईचा या घरातला शब्द होता. "तुमाला दिसत न्हाई" म्हणायचं म्हणजे तिला चुलीपुढून उठवायचं. ज्या बाईनं आपल्याला चुलीपुढं बसवलं, तिला उठवायचं कुणी? मंजुळाबाईनं तोंड उघडलं नाही. तिनं शेवया तळल्या.

हातानं वळलेल्या बारीक शेवया तुपात लालबुंद तळून, गुळाच्या पाकात घोळवून, वाळल्या की चुरून तिनं सायीवर जाडसर थर दिला.

"हे काय गं नवीन?" सुंदरबाईनं विचारलं.

"कायतरी कुरकुरीत पायजे म्हनतेत पोरं."

पंगतीत सगळ्यांचे दात कुर्रकुर्र वाजायला लागले. शेवई कुठली आणि बी कुठली, काही कळेना. बी लागली तरी ती शेवईच्या आवाजात खपून जायची. खाली गार, मऊ साय आणि वर कुरकुरीत गोडी. लोकांना ते इतकं आवडलं, की गावात शेजारणीही तसं करायला लागल्या. सुंदरबाई खुशीत म्हणायची, "माझी मंजुळी लई हुशार." आणि मंजुळी मान खाली घालून माझा तळ निपटायची.

त्या वर्षी मंजुळाबाई शेतात गेली असताना कल्हईवाला आला. सुंदरबाईनं मला दारात नेलं, तळाकडं डोळे केले आणि नुसतं आतून बोट फिरवलं.

"हिला नगं यंदा. चकचकीत हाय अजून."

कल्हई पार विटली होती. जागोजागी पिवळं पितळ उघडं पडलं होतं. कल्हईवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्या डोळ्यांकडं बघितलं. कुंकू आणि नथ मागणारी ही बाई त्याला चांगली माहीत होती.

"बरं माय," एवढंच म्हणून तो निघून गेला.

भाऊबीजेला उत्तरेश्वर सिरसाळ्याहून आला. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झालेल्या, पण मला बघितलं की "टोपी कशी हाय?" हे विचारल्याशिवाय राहायचा नाही. सुंदरबाईनं आदल्या दिवशीच चक्का घोटून माझ्यात झाकून ठेवला होता. सकाळी त्यात गर मिसळला, वेलदोडा जरा जास्तच घातला. चव बघण्याचा प्रश्नच नव्हता. ओवाळून झाल्यावर पहिला घास भावाचा, त्याआधी कुणी बोटसुद्धा लावायचं नाही.

ओवाळणं झालं. पानं वाढली. सुंदरबाई हात पुढं करून म्हणाली, "आन गं तपेली. माझ्या भावाला मीच वाढते."

मंजुळाबाई मला हातात आणि शेवयांची परात काखेत घेऊन आली. तिनं झाकण काढलं. माझ्या काठाला, जिथं साय चिकटली होती, तिथं निळसर हिरवी कड आली होती.

तिनं माझ्यात बघितलं. मग पानांवर बसलेल्या सगळ्यांकडं बघितलं. उत्तरेश्वर, आश्रुबा, पोरं. मग पुढं आलेल्या त्या दोन हातांकडं बघितलं. वर्षाचा हा एक दिवस. भावासमोर, भरल्या पंगतीत, काय म्हणायचं?

आणि तिनं मला सोडलं.

चुलीच्या दगडावर माझं तोंड आपटलं. सायीतलं सीताफळ सारवलेल्या जमिनीवर पसरलं. शेवयाही त्यावर सांडल्या.

"आगं आगं!" उत्तरेश्वर उठला. "माझी टोपी चेपली की!"

"उंदीर आडवा गेला वाटतं," आश्रुबा उगाच म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. मला आज तसंबी गोड नगं व्हतं," उत्तरेश्वर म्हणाला. हा माणूस सीताफळासाठी दिवसभर गाडी हाकत आला होता.

मंजुळाबाईनं घाईघाईनं चुलीतली राख ओंजळीनं घेऊन सांडलेल्यावर टाकली. सुंदरबाईनं मान तिकडं वळवली.

"राख कावून टाकतीस? वासराला घाल की."

"नगं."

"कावून नगं? एवढी साय हाय."

मंजुळाबाई राख टाकतच राहिली. सुंदरबाई जमीन चाचपत पुढं सरकली. तिचा हात माझ्या चेपलेल्या काठाला लागला. तिनं मला मांडीवर घेतलं, आतून सावकाश बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेलं. वेलदोड्याच्या आडून आलेला तो कळकलेला वास तिला ओळखता आला.

मग तिनं ते बोट पदराला पुसलं.

मित्रांनो, मी भांडंच आहे, मला फार अक्कल नाही. पण एवढं सांगते. भांड्याची कल्हई बोटानं बघू नका, उजेडात नेऊन बघा. आणि घरातलं एखादं माणूस काम घेऊन उजेडाकडं सरकायला लागलं, तर त्याच्या हातच्या जेवणाचं नुसतं कौतुक करून मोकळे होऊ नका. त्या कौतुकात माणूस एकटं पडतं. मी तिच्या मांडीवर होते, म्हणून मला कळलं.

"कल्हईवाल्याला मीच परत लावून दिलं," सुंदरबाई म्हणाली. "आन त्या शेवया कावून घालतीस, तेबी मला ठावं हाय. बी दाताखाली मलाबी येतीच की गं."

"आक्का..."

"पटक्यातल्या बिया मीच झाडून काढते रोज. समदे झकास म्हनता, म्हनून मीबी गप बसले. येक जन तरी म्हनल, म्हनून वाट बघितली." तिनं माझा काठ घट्ट धरला. "दुसऱ्या कुनी न्हाई म्हनलं तर चालंल. तू म्हन, मंजुळे."

मंजुळाबाई राखेनं माखलेल्या हातांनीच तिच्यासमोर बसली. माझ्या दुसऱ्या बाजूनं तिनं काठ धरला. लहानपणी तळ निपटायला धरायची, तसा.

"आक्का, तुमाला दिसत न्हाई," ती म्हणाली. "बिया आता मी काढीन. घोटायचं मातर तुमीच."