बापाचं पात्र

गोपिकाने कागद बापापुढे धरला, पण तो हातात घेईल याची तिला खात्री नव्हती.

रामाजी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. गोळीबार चौकामागच्या त्या कोष्टीपुऱ्यात गल्लोगल्ली पॉवरलूम आले होते, तरी त्याचा हातमाग अजून चालू होता. त्याने धोट्यावरची नजर काढली नाही.

"हे काय होय?" त्याने विचारलं, ते चुलीपाशी बसलेल्या बायकोला.

तान्ह्या पोळ्यापासून हे असंच चाललं होतं. पोरांच्या त्या सणाला गोपिका धाकट्या भावाला, नत्थूला घेऊन लाकडी बैल मिरवायला गेली. पोरांना बोजारा म्हणून खाऊ मिळतो, तो घ्यायला ती त्याच्यासाठी रांगेत उभी राहिली आणि नत्थू बैल धुवायला तलावात उतरला. तो परत आला नाही. रामाजीने लेकीवर हात उगारला नाही, शिवीही दिली नाही. तो तिच्याशी बोलेनासा झाला, बस. 'तिले सांग, सुताच्या कांड्या भर म्हणा,' एवढंच, तेही आईमार्फत. त्यापेक्षा मार परवडला असता, असं गोपिकाला रोज वाटायचं.

"शाळेसाठी नाटक लिहिलं तिनं," प्रयागबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "बाईंनी सांगितलं का दोघांनी बोलून पाहा म्हणून. मले कुठं वाचता येते? तुम्ही चौथी शिकले ना."

माग थांबला. रामाजीने कागद घेतला.

नाटकात दोनच पात्रं होती, मुलगी आणि बाप. मुलगी विहिरीवरून रिकाम्या हाताने येते, घागर फुटलेली असते, एवढाच प्रसंग. सुमतीबाईंनी वर्गात सांगितलं होतं की नाटकात कोणाला तरी काहीतरी हवं असतं आणि ते सहजासहजी मिळत नाही. गोपिकाला बापाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. म्हणून तिने ते स्वतःच लिहून त्याच्या तोंडी घातलं होतं.

"बाबा, माह्या हातून घागर फुटली," तिने सुरुवात केली.

रामाजी अक्षराला अक्षर लावत वाचू लागला.

"बाप... मागावरून उठतो. मुलीजवळ... येऊन बसतो."

"ते बोलायचं नसते, बाबा," ती हळूच म्हणाली. "कंसातलं आहे ते. ते करायचं असते."

प्रयागबाईचा हात पिठात तसाच राहिला.

रामाजी कागदाकडे बघत बसला. पुढची ओळ त्याने मनात वाचली असावी, कारण त्याचे ओठ हलले आणि मिटले. मग कागद मागावर ठेवून, दोन्ही हात टेकून तो खड्ड्यातून वर आला. तिच्यासमोर खालीच बसला आणि कितीतरी दिवसांनी त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. पोर पार वाळून गेली होती.

"तुले कुठं लागलं तर नाही ना, माय?"

'माय' कागदावर नव्हतं.

नाटकातलं उत्तर गोपिकाला पाठ होतं. नाही बाबा, मले काही नाही झालं. तिनेच तर लिहिलं होतं.

"लागलं, बाबा," ती म्हणाली.