निळ्या काचेकडे झुकलेले कोंब

बंद खोलीचं दार उघडलं आणि सभागृहाने श्वास रोखला. रात्रभर कुलपात ठेवलेल्या कुंडीतले कोवळे कोंब काल ताठ होते, ते आज डावीकडे माना झुकवून उभे. डावीकडे निळ्या काचेचा दिवा, त्याखाली बाबांच्या अंगाऱ्याची पुडी. उजवीकडे लाल काचेचा दिवा, त्याखाली डॉक्टरांच्या औषधाची बाटली.

"लाल दिवा माणसाचा, निळा देवाचा," बाबा म्हणाले. "आम्ही कोण बोलणारे? मुकं रोप बोलतं. किल्लीसुद्धा तुमच्याचकडे." बोलणं असं, की साखरेने तोंड लपवावं.

"मग औषध बंद करू ना?" मांडीवरच्या बाळाला थोपटत त्याच्या आईने विचारलं.

मागे ताईशेजारी तिची धाकटी बहीण बसली होती. उजेडाने झाडं कशी वाढतात, कशी वळतात, यात तिची उमर सरली होती. तिची प्रयोगाची खोली अंधारी, लाल दिव्याची. ताई तिला 'आमची फोटो धुणारी' म्हणून चिडवायची. लाल उजेड कोंबांना वळवत नाही, निळा वळवतो, म्हणून तर खोलीत तो लाल दिवा. कुंडी पाहताच तिला सगळं उमगलं.

याच कुंडीचा कौल मानून ताईने लेकीचं फिटचं औषध थांबवलं होतं. लेक गेली. 'तिचं आयुष्यच तेवढं,' हे बाबांचं वाक्य उशाशी घेऊन ताई जगत होती. सत्य सांगायचं म्हणजे ताईकडून तेही हिसकावून घ्यायचं.

बाळ रडू लागलं. धाकटी उठली.

"बाबा, आज काचांची अदलाबदल करा. आणि बाई, तोवर औषध चुकवू नका."

"सिद्ध केलेल्या काचा आहेत, पोरी. खेळणी नव्हेत."

"बदला की," बाळाची आई म्हणाली. "देव काचेला भितो का?"

दुसऱ्या सकाळी कोंब बाटलीकडे झुकले होते. धाकटीने कारण उलगडून सांगितलं. बाबा ग्रहांबद्दल काहीबाही पुटपुटत राहिले.

ताईने हळूच विचारलं, "माझ्या सोनीच्या वेळीही हेच?"

"हो, ताई."

"औषध दिलं असतं तर?"

खोटं जिभेवर आलं होतं. धाकटीने ते गिळलं. "बहुतेक वाचली असती."

 ताई भिंत धरून उठली, बाटली उचलली आणि बाळाच्या आईच्या हातात दिली.

"उजेडाकडे वळायला रोपाला देवानेच शिकवलं गं. ह्यांनी त्याला खोटा साक्षीदार केलं. तू हात जोड, नवस बोल, हवं तेवढं रड. कुणी चमत्कार दाखवला तर तो असा का झाला, ते विचार. देव रागावत नाही. पण आधी बाळाला औषध दे."