कुंपणावरचे दोन वेल

शकुबाईचं डोकं सकाळपासून नुसतं गरगरून राहिलं होतं. रविवारी भिलाईचं क्वार्टर सोडून मुलाकडे, हेमराजकडे, कुम्हारीला जायचं. भांडीकुंडी बांधून झाली. अडलं ते कुंपणापाशी. गेल्या पावसाळ्यात नवऱ्याने, मारोतरावांनी, गावाहून काटवलाचा, म्हणजे कर्टुल्याचा, कंद आणून तिथे पुरला होता. "पुढच्या पाण्यात तुले पोटभर भाजी खाऊ घालतो," म्हणाले, अन् दिवाळीआधी स्वतःच गेले. आता तो कंद मागे टाकून जायचा? जीव गेला तरी नाही!

पण कुंपणावर वेल निघाले दोन. एकाला काटेरी फळं, दुसऱ्याला नुसती पिवळी फुलं. फळवालाच काटवल, यात विचारायचं काय? तरी लेकीने, वंदनाने, संध्याकाळी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. झालं! एक म्हणे काटवल, दुसरा म्हणे विषारी, तिसरी म्हणे आधी शिजवून पाहा. मोबाइलचं अ‍ॅप तर काकडी म्हणे.

"काकडी? डोये फुटले काय त्याचे!" शकुबाई उखडली.

शेवटी वंदनाने कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला, प्रांजलीला, फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "फळाचा साफ फोटो पाठव. मागे फार गर्दी आहे." शकुबाईने मागचा फुलवाला वेल धरला अन् खसकन तोडून फेकला. मग दुसरा फोटो गेला.

पाच मिनिटांत प्रांजलीचा फोनच आला. "काकू, ही काटवलं नाहीत. कडू रानकाकडी आहे, काटे बघा किती कडक. पण पहिल्या फोटोत मागे जो वेल आहे ना, फुलाखाली टोपीसारखं पान असलेला, तो काटवल. काटवलात नर-मादी वेल वेगळे असतात. हा नर आहे, त्याला फळ कधीच लागत नाही."

शकुबाईने फेकलेला वेल धावत जाऊन उचलला. "मी त तोडला ना वं बाई!"

"कंद खालीच असेल, काकू. खोदून पाहा."

ती खुरपं घेऊन बसली. वीतभर खाली कंद लागला, शाबूत.

"आई, नर हाय ना तो," वंदना म्हणाली. "कुम्हारीले नेऊन काय करशीन? भाजी त भेटणार नाही."

शकुबाईने पदराने कंदाची माती पुसली. रडूही येत होतं अन् संतापही. "खाऊ घालतो म्हणे! एवढं मिरवत आणलं, अन् आणला नर. कधी धड भाजी निवडता आली नाही या माणसाले!"

मग नाक पुसून ती म्हणाली, "हेमराजले फोन लाव. कुंपणापाशी जागा करून ठेव म्हणा. तुये बाबा येऊन राहिले."