गेट्सलचं नाव

फ्रुमेने वर्तमानपत्र झाइनवेलच्या टेबलावर नीट पसरलं आणि कादंबरीच्या आजच्या प्रकरणावर बोट ठेवलं. "लेखकसाहेब, हा गेट्सल कोण?"

"पात्र आहे," झाइनवेल म्हणाला.

वीस वर्षं तो न्यूयॉर्कच्या यिद्दिश पेपरात रोज एक प्रकरण पाडत होता, आणि वीस वर्षं त्याच्या झाब्रिन गावाहून आलेली मंडळी त्यात स्वतःला शोधत होती. आपली सासू, आपला घटस्फोट याने ढापला, असा प्रत्येकाला संशय. तो बहुधा खरा असे. म्हणून झाइनवेलने एक पथ्य ठेवलं होतं: नावं फक्त गावच्या मेलेल्यांची. ज्यू लोक जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत, मृत्युदूताचा घोटाळा होऊन तो भलत्यालाच उचलतो. मग पात्राला कशाला? मोठ्या उपासाच्या दिवशी खानावळीत खिडकीशी बसून मटण चापणारा हा नास्तिक त्या दूताला मात्र वचकून होता. त्याच्याच गावच्या फ्रुमेला हे पक्कं ठाऊक होतं.

तिचा भाऊ गेट्सल मागे झाब्रिनमध्येच राहिलेला. लढाईपासून पत्र नाही. त्याच्यासाठी तिने खिडकीजवळ खाट घालून ठेवली होती.

"गेट्सल काय, छप्पन्न असतील," झाइनवेल म्हणाला.

"डावा पाय ओढणारे? घड्याळं दुरुस्त करणारे?"

गावच्या रब्बीचं पत्र वसंतापासून झाइनवेलच्या खणात होतं: 'फ्रुमेला तुम्हीच सांगा.' तेव्हापासून त्याने दोनशे प्रकरणं लिहिली. तिला सांगायची दोन वाक्यं तेवढी जमली नाहीत. आणि काल हाताने परस्पर नाव लिहून टाकलं.

"चुकून पडलं गं. असेल तो सुखरूप."

"म्हणजे पथ्य मोडलंसच. मग उद्याच्या प्रकरणात माझं नाव घाल. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने टाक बुडवला. कागदावर धरला. शाई वाळली. पुन्हा बुडवला. फ्रुमे त्याच्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे बघत होती.

"कधी?" तिने विचारलं.

"दहा महिने झाले."

"म्हणजे तीस दिवस केव्हाच उलटले." इतक्या उशिरा कळलं की सात दिवसांचा शोक एका तासावर येतो. तिने बूट काढले, कोळशाची पेटी पालथी घातली आणि शोकात बसतात तशी तिच्यावर बसली. "तास झाला की सांग."

तास झाल्यावर त्याने सांगितलं. तिने बूट चढवले, पेपर घडी करून काखेत मारला. दारात थांबली.

"कादंबरीत त्याला मारू नकोस."

"नाही मारणार."

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"रोज वाचणार आहे मी," ती म्हणाली.