पंचेचाळीसची पाटी

क्रेनवालीने गाडीच्या पोटाखाली हात घालून साखळी अडकवली आणि उठता उठता म्हाताऱ्यावर डाफरली.

"वळण दिसलं नाही? का डोळे घरी ठेवून निघालात?"

म्हातारा रस्त्याकडेला दगडावर बसला होता. खांदा निखळलेल्या बायकोला अँब्युलन्स आत्ताच घेऊन गेली होती. पोलिसांना जबाब द्यायला तो मागे थांबला होता.

"दिसलं की. पंचेचाळीसची पाटीही दिसली. पंचेचाळीसवरच होतो मी. काटा पुढे जाऊ दिला नाही."

तिने काचेतून आत पाहिलं. सरहद्दीपलीकडची गाडी, मीटर मैलांचा. तिकडचे पंचेचाळीस म्हणजे इथले बहात्तर. त्यात या वळणावर ऊन पोचत नाही. दव दुपारपर्यंत काचेसारखं गोठून राहतं. जिभेवर आलेली शिवी तिने गिळली. ती पचली मात्र नाही.

तेवढ्यात रस्तेखात्याचा इंजिनिअर जीपमधून उतरला.

"ही चौथी," ती त्याच्यावर धावूनच गेली. "या हिवाळ्यातली चौथी गाडी! पाटीवर नुसता आकडा. खाली 'कि.मी.' लिहा म्हणून तीन अर्ज दिले मी. काय केलंत त्यांचं? चहाचे डाग पुसलेत?"

"बाई, पाट्या वरून ठरतात. दोन अक्षरं वाढवायची तरी मंजुरी लागते. आणि नाक्यावर पत्रक देतो ना आम्ही. मैल, किलोमीटर, गोठलेला रस्ता, सगळं छापलंय त्यात."

"दिलं होतं," म्हातारा खाली बघत म्हणाला. "ही वाचून दाखवत होती. मीच म्हटलं, राहू दे गं, बाहेर बघ, डोंगर किती छान दिसतोय."

इंजिनिअरने फाईल या हातातून त्या हातात घेतली.

क्रेनवाली वळली. साखळी सोडवली, क्रेन मागे घेत थेट पाटीखाली उभी केली, अवजारांच्या पेटीतून काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश काढला आणि टपावर चढली.

"अहो, सरकारी मालमत्ता आहे ती! गुन्हा दाखल होईल!"

"करा. जबाबात चारही गाड्यांचे नंबर देते. पहिलीत तान्हं मूल होतं, तेही लिहिते."

तिने रागारागाने ब्रश ओढला. 'कि' वाकडाच उमटला. खाली इंजिनिअरने फोन काढलेला तिने पाहिला आणि ओठ घट्ट मिटून ब्रश पुन्हा बुडवला.

त्याने फोन कानाला लावला नाही. रस्त्यावरून कठड्यापर्यंत गेलेल्या टायरच्या खुणा तो पाहत राहिला. मग फोन खिशात टाकून क्रेनजवळ आला आणि मान वर केली.

"मोठं लिहा," तो म्हणाला. "एवढं बारीक पळत्या गाडीतून वाचता यायचं नाही."