बक टॅलमनची खालची कड

नॉर्बर्ट झास्ट्रो माझे पांढरे हातमोजे मागायला आला, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गेलं. आमच्याकडे पांढरे हातमोजे दोनच कामांना लागतात. एक शवपेटी उचलायला, दुसरं चर्चमध्ये हातात धरायच्या घंटा वाजवायला. चर्चच्या घंटावृंदात सगळ्यांत मोठी घंटा माझ्याकडे आहे. एका भजनात ती दोनदा वाजते, त्यातली एकदा वेळेवर.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कुणी नाही रे. कार्ड बघायचंय."

कार्ड म्हणजे बक टॅलमनचं, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. १९६६ साली नॉर्बर्ट आणि युजीन प्रिब या अकरा-अकरा वर्षांच्या दोन दोस्तांनी निम्मे-निम्मे पैसे घालून च्युइंगमचं पाकीट घेतलं. त्यात या बेसबॉलपटूचं, त्याच्या पहिल्याच मोसमातलं, फोटोचं कार्ड निघालं. च्युइंगमचे दोन तुकडे करता आले, बकचे करता येईनात. मग ठरलं की एक वर्ष याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे. दर एप्रिलात मोसमाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी ताबा बदलायचा. हा करार अठ्ठावन्न वर्षं चालला. मधल्या काळात नॉर्बर्टनं युजीनच्या धाकट्या बहिणीशी, मार्लिसशी, लग्न केलं. तिच्या बाबतीत मात्र ताबा बदलायची सोय ठेवली नव्हती.

नॉर्बर्ट आपल्या वर्षी कार्ड घरातल्या जाडजूड बायबलमध्ये ठेवायचा, तेही गणना नावाच्या पुस्तकात, कारण तिथपर्यंत कुणी वाचत जात नाही. युजीन ते डब्यात बंद करून फ्रीझरमध्ये हरणाच्या सॉसेजखाली ठेवायचा. थंडीत वस्तू म्हाताऱ्या होत नाहीत, असं त्यानं कुठंसं ऐकलं होतं. ते खरं असतं तर विस्कॉन्सिनमध्ये कुणी म्हातारं झालंच नसतं.

आता दोघांनाही कार्ड विकायचं होतं. कारण गावातला आर्विड टोस्टरूड आपली मासेमारीची झोपडी विकून टाकत होता. गोठलेल्या तळ्यावर ओढत न्यायची, आत शेगडी, बर्फात गळ सोडायला जमिनीला तीन भोकं. चाळीस हिवाळे हे दोघे उघड्यावर, उपड्या बादल्यांवर बसून मासे धरत आले होते, आणि नॉर्बर्टचे गुडघे आता बादलीवरून उठायला नकार देत होते. आर्विडनं नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. त्यानंतर झोपडी त्याच्या भाच्याची.

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये रविवारी कार्डांचा बाजार भरतो. तिथल्या ड्वेन लुबनरनं कार्ड अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाला, आहे तसं द्याल तर दोन हजार डॉलर. तेवढ्या पैशांत झोपडी येत होती. पण शेजारच्या टेबलावरच्या एका शहाण्यानं कानात फुंकलं की ग्रेडिंग करून घ्या. कॅलिफोर्नियात एक कंपनी आहे. तिथले लोक भिंगातून कार्डाचे कोपरे, कडा बघतात, दहापैकी गुण देतात आणि ते कायमचं प्लॅस्टिकमध्ये बंद करून परत पाठवतात. नऊ पडले तर वीस हजार. पाच पडले तर फी गेली, तीन महिने गेले आणि झोपडीही गेली.

म्हणून पाठवण्याआधी आपणच एकदा बघावं, असं ठरलं. नॉर्बर्टच्या स्वयंपाकघरात, गळाला लावायच्या खोट्या माश्या बांधायचा भिंगवाला दिवा लावून दोघे बसले. हातमोजे नजरेआड करायचे नाहीत म्हणून मीही बसलो.

बकचं नाक ठीक होतं. वरचे कोपरे ठीक होते. खालच्या कडेला मात्र दोन बारीक, समांतर दाब दिसले.

दोघांनी आळीपाळीनं भिंगातून पाहिलं. मग नॉर्बर्ट शांतपणे म्हणाला, "थंडीनं आखडलंय."

"बायबलखाली चेंगरलंय," युजीन म्हणाला.

"बायबलनं आजवर कुणाचं नुकसान केलेलं नाही."

"उघडलंस कधी?"

यानंतर जे झालं ते छापण्याजोगं नाही. एकमत फक्त एकाच गोष्टीवर झालं, की कार्ड पाठवायचंच. किमतीसाठी नव्हे, तर दोष कुणाचा ते कळावं म्हणून. कंपनी आकडा देते, आरोपी देत नाही, असं मी सांगून पाहिलं. दोघांनी मिळून मला गप्प बसवलं.

पुढले नऊ दिवस ते एकमेकांशी बोलले नाहीत. शुक्रवारी तळलेल्या माशांच्या जेवणाला दोघे दोन टेबलांवर बसले. टार्टर सॉसची त्यांची वाटी तीस वर्षं एकच होती. ती कुठं ठेवावी हे वाढणारीला कळेना. शेवटी ती माझ्यापुढं ठेवून निघून गेली.

घंटांच्या तालमीला मार्लिसनं मला विचारलं, "खुणा आहेत तरी कशा?"

मी बोटांनी दाखवलं. तिनं घंटा खाली ठेवली. भजनाच्या मधोमध ती घंटा ठेवत नाही, माझ्यावर ओरडायचं असलं तरच ठेवते.

त्या संध्याकाळी तिनं दोघांना स्वयंपाकघरात बसवलं आणि मलाही बोलावलं, साक्षीदार म्हणून. खणातून कपड्यांचा जुना लाकडी चिमटा काढला आणि कार्डाच्या कडेवर अलगद टेकवला. दोन दाबांवर दोन टोकं बरोब्बर बसली.

"सदुसष्ट साल," ती म्हणाली. "युजीन, तुला गालगुंड झालं होतं. कार्ड नॉर्बर्टकडे पोचवायला तू मला पाठवलंस."

"दोन्ही हातांनी नीट ने, म्हणालो होतो मी."

"दोन्ही हात हँडलला होते."

मग कुठं उलगडा झाला. नऊ वर्षांच्या मार्लिसनं बक टॅलमनला सायकलच्या चाकाशी चिमट्यानं लावलं होतं. आरे त्याच्यावर आपटत गेले, आणि ती थेट झास्ट्रोंच्या दारापर्यंत फटफटीच्या आवाजात गेली. म्हणजे दोष ना बायबलचा, ना फ्रीझरचा. त्या दिवशी कार्ड युजीनच्या ताब्यातून निघालं होतं आणि नॉर्बर्टच्या ताब्यात पोचलं नव्हतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नऊ दिवसांनी पहिल्यांदाच दोघांचा राग एका दिशेला वळला होता, आणि त्यात त्यांना मोठा आराम वाटत होता.

"सत्तावन्न वर्षं बोलली नाहीस," युजीन म्हणाला.

"कुणी विचारलं नाही. शिवाय नॉर्बर्ट, तू पायरीवर उभा होतास. काय म्हणालास, आठवतंय?"

नॉर्बर्टनं मान खाली घातली. "आवाज मस्त आहे, म्हणालो."

"आणि?"

"आणखी एक चक्कर मारून दाखव, म्हणालो."

कॅलिफोर्नियाचा फॉर्म चुलीत गेला. रविवारी तिघं ड्वेनकडे गेले आणि प्रामाणिकपणे त्या खुणा दाखवल्या. ड्वेननं वर पाहिलंसुद्धा नाही. "चिमटा आहे तो," म्हणाला. "पहिल्याच दिवशी पाहिला. नाहीतर दोन हजारच कशाला म्हणालो असतो?"

झोपडी थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधी आली. जमिनीला भोकं तीन आहेत, आणि शेगडीजवळचं मार्लिसचं आहे. ते कार्ड वापरून पाहिलेली आपण एकटीच, असं तिचं म्हणणं पडलं. सगळ्यांत जास्त मासे तिलाच लागतात. तिनं एखादा बाहेर काढला की दोघे तो दिव्याखाली धरतात, खालची कड तपासतात, आणि चारच्या वर गुण देत नाहीत.